भालूचं स्वित्झर्लंड

माझा धाकटा भाऊ भालचंद्र बुलढाण्यात दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक, तो सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाला. दुसरी, तरुणपणी तो हिंदी सिनेमाच्या शूटिंगसाठी स्वित्झर्लंडला जाऊन आला. यातली पहिली गोष्ट खरी आहे.

दुसरी तो अशी सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली नानांशी, म्हणजे आमच्या वडिलांशी भांडून तो जळगाव जामोदहून मुंबईला गेला. तिथे एका सिनेमा कंपनीत त्याला काम मिळालं. हिरोइनच्या तोंडावर ऊन पाडायचा चंदेरी पत्रा धरून उभं राहायचं. कंपनी परदेशी गेली तेव्हा पत्रा गेला आणि पत्र्यामागे भालूही गेला. तो सिनेमा पुढे डब्यात गेला, म्हणून कोणी पाहिला नाही. वर्षभराने भालू परतला तेव्हा अंगात लोकरी कोट होता, बॅगेत परदेशी साबणाच्या वड्या होत्या आणि बर्फाचे डोंगर, लाकडी पूल, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई असं सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्या कोटावर त्याला देऊळघाटच्या चांगल्या घरातली बायको मिळाली.

मधल्या काळात नाना वारले. वैशाख होता. मी तेव्हा जळगावातच शाळेत शिकवत होते. नानांचं अंग अजून गरम होतं तेव्हाच मी पोस्टात धावत जाऊन भालूच्या मुंबईच्या पत्त्यावर तार केली. मुलगा आल्याशिवाय आईने नानांना उचलू दिलं नाही. सोडावॉटरच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, त्यांचा भुसा घरभर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाचं पाणी आणि वास दोन्ही उंबऱ्याबाहेर यायला लागले, तेव्हा शेजारच्या बायांनी आईची बोटं एकेक करून सोडवली. चुलतभाऊ गोविंदाने अग्नी दिला.

त्याच पावसाळ्यात मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकोल्याला गेले. शेवटच्या दिवशी बरोबरच्या बाया मॅटिनीला निघाल्या, मलाही ओढून नेलं. सिनेमा सुरू झालेला होता. अंधारात डोअरकीपर बॅटरी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "सहाजणी आतमधी सरका. पाय सांभाळा."

तो आवाज मी कडेवर घेऊन वाढवला होता. मी जागीच थांबले. बॅटरीचा उजेड माझ्या पायांवरून वर आला, तोंडावर थांबला आणि विझला. पडद्यावर बर्फाचे डोंगर होते. त्यांच्या पांढऱ्या उजेडात मला त्याचं डोकं दिसलं. तेल लावून नीट भांग पाडलेला. बाप गेलेल्या मुलाचं डोकं नव्हतं ते.

मी घरी सांगितलं नाही. भालू परतल्यावर आई ओट्यावर बसून बायांना सांगायची, "माह्या पोराले समुद्र आडवा आला, नाहीतर उडत आला असता तो." अकोला आमच्या गावाहून एसटीने तीन तासांवर होतं. पण आई त्या समुद्रावर जगत होती, म्हणून मी तो तसाच राहू दिला. आई गेल्यावर सांगावं असं कोणी उरलं नाही. भालूशी या विषयावर मी कधी बोलले नाही, तोही बोलला नाही. स्वित्झर्लंड सांगायला लागण्याआधी तो एकदा माझ्याकडे बघायचा. मी सुपारी कातरत राहायची. मग तो पुढे सरकायचा.

आमच्या नात्यात माझी आठवण प्रसिद्ध आहे. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणाचं बाळ कोणत्या नक्षत्रावर झालं, हे लोक फोन करून मला विचारत. त्यामुळे भालूचं स्वित्झर्लंड मी खोडत नाही याचाच अर्थ ते खरं आहे, असं सगळे धरून चालले. त्याची सगळी इमारत माझ्या गप्प बसण्यावर उभी होती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याचा धाकटा मुलगा श्रेयस झ्युरिकला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने बापाला बोलावलं. "बाबा, सिनेमाच्या जागा या खेपेला तुम्ही आम्हाला दाखवायच्या," असं सूनबाई स्वरदा फोनवर म्हणाली. भालू म्हणाला, "ताईलेही आनतो." त्याने माझा पासपोर्ट काढला, मला मोजे घेऊन दिले. साक्षीदार जवळ असलेला बरा, असा त्याचा हिशेब असावा.

एका शनिवारी आम्ही पाचजण आगगाडीने भालूने सांगितलेल्या डोंगरातल्या गावी गेलो. पाचवी म्हणजे नात आरोही, आठ वर्षांची. आजोबांचा व्हिडिओ करून तिला शाळेत दाखवायचा होता. गाव म्हणजे एक चर्च, एक नदी, एक पूल, आणि पुलावर निम्मा गुजरात. पातळ साडी नेसलेली एक नवी नवरी थंडीने दात वाजवत हात पसरून उभी होती आणि नवरा ओरडत होता, "स्माइल, स्माइल." या पुलावर पुष्कळ सिनेमे झाले आहेत. भालू गर्दी बाजूला सारत मध्यभागी गेला.

"हाच तो. मी इथं उभा, पत्रा असा धरून. हिरोइन तिकडून येऊन राह्यली. डायरेक्टर म्हने, भालू, ऊन पाड बे."

स्वरदा हसली. "डायरेक्टर वऱ्हाडी होता का, बाबा?"

"आमच्या संगतीनं झाला होता."

सगळे हसले, मीही हसले. गोष्ट सांगावी तर भालूनेच. मग तो कठड्याशी बसला, आवाज उतरवला.

"याच पुलावर मले तार भेटली. वडील गेल्याची. इथंच बसून रडलो मी. सगळं युनिट थांबलं होतं."

आरोहीने फोन जवळ नेला. "मग तुम्ही इंडियाला का नाही गेलात?"

भालूने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहत होते.

"तार उशिरा भेटली, बेटा. ताईनं पाठवायलेच उशीर केला. चार-पाच दिवस. जाऊन काय उपयोग होता? तिचा तरी काय दोष, बाईमानूस, गडबडून गेली असन."

हे नवीन होतं. इतक्या वर्षांत त्याने पूल वाढवला, गाई वाढवल्या, हिरोइनने दिलेला चॉकलेटचा डबा वाढवला, पण मला कधी गोष्टीत घेतलं नव्हतं. स्वरदाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या आत्या, तुम्ही तरी एकट्या काय काय बघणार?" ती मला क्षमा करत होती. श्रेयसही करत होता. मला त्या थंडीत ओल्या भुशाचा वास यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोपवेकडे गेलो. भालू रंगात होता. "याच पाळन्यात बसून हिरोइन वर गेली. मी मागच्या पाळन्यात, पत्रा घेऊन. मले तं खाली पाहून चक्कर आली."

श्रेयस तिकिटांच्या खिडकीजवळचा फलक वाचत होता. तो वळला. "बाबा, हा रोपवे शहाऐंशी साली सुरू झालाय."

"पाटी चुकली असन."

"स्विस लोकांची?" स्वरदा म्हणाली. तिला मजा वाटत होती. "बाबा, खरं सांगा, तुम्ही इथेच आला होता ना? की दुसऱ्याच डोंगरावर ऊन पाडून आलात?"

श्रेयस हसत नव्हता. माझ्या मते त्याला लहानपणापासून कुठेतरी शंका होती आणि ती आता त्याच्या तोंडावर येऊन उभी होती. आरोहीने फोन खाली घेतला नव्हता. भालूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो हसला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुमच्या आत्याले विचारा. ती काही विसरत नाही. ताई, सांग याइले. नाना गेले तवा मी कुठं होतो?"

चौघांची तोंडं माझ्याकडे वळली. मला फक्त 'स्वित्झर्लंडले' म्हणायचं होतं. नाहीतर 'अकोल्याले' म्हणायचं होतं. नातीसमोर अकोला काढणं मला जड गेलं, आणि त्याची गरजही वाटली नाही. त्याला पाडायला त्याहून कमी पुरेसं होतं.

"मले आठवत नाही, भालू," मी म्हणाले.

श्रेयसने मान खाली घातली. त्याला समजलं होतं. भालूचे हात कोटाच्या बटणांवर चाचपडत राहिले. मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. बापाच्या मढ्यापाशी बसून मी ज्याची वाट पाहिली होती, तो माणूस एवढ्या वर्षांनी माझ्यासमोर उघडा उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

तोही माझ्याकडे बघत राहिला. मग तो जवळ आला, माझा सुटलेला मफलर नीट गुंडाळला आणि म्हणाला, "असू दे, ताई. काही हरकत नाही."

मग तो मुलाकडे वळला. आवाज हळू, पण मला ऐकू येईल इतका. "मी तुले सांगनारच होतो. वर्ष होत आलं असं चालू आहे. तिले सोबत काऊन आनलं म्हनतं तू? घरी एकटीले ठेवायचं भेव वाटते. गॅस चालू राह्यते, दार उघडं राह्यते. आता नानाचंही विसरली." त्याचे डोळे खरेच भरले होते.

श्रेयसने मान वर केली. किती आनंदाने केली. बाप खोटा असण्यापेक्षा आत्या खुळी असणं त्याला किती सोपं होतं. आरोहीला म्हणाला, "व्हिडिओ बंद कर, बाळा." त्या फलकाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. पाळण्यात वर जाताना स्वरदाने माझा हात धरून ठेवला आणि बोटाने दाखवत म्हणाली, "आत्या, तो बघा बर्फ. बर्फ."

परत आल्यावर भालूने मला बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक दिसतंय. भालू म्हणाला, "नवं आठवते हो तिले, डॉक्टरसाहेब. जुनं विसरते."

"सहसा उलटं असतं."

"आमच्या घरात सगळं उलटंच आहे," भालू म्हणाला आणि डॉक्टर हसले.

महिनाभर राहा म्हणून त्याने मला घरी ठेवून घेतलं. जळगावच्या माझ्या दोन खोल्यांना त्याने स्वतः जाऊन कुलूप घातलं आणि तुळशीची कुंडी शेजारी देऊन आला. नातेवाइकांचे फोन यायचे ते आता तो घ्यायचा. "हाव, बरी आहे. तिले नका विचारू, गोंधळते."

मी श्रेयसला फोन करून सगळं सांगितलं. तार, बर्फ, अकोला, बॅटरी, तेल लावलेला भांग. शेवटी तो म्हणाला, "हो, आत्या."

"हो काय? तुझा बाप तिकिटं फाडत होता तिथे."

"बाबा म्हणालेच होते, तुम्ही अकोल्याचं काहीतरी सांगाल." मग लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "तुम्ही घाबरू नका हं."

त्या दुपारी भालू ओसरीत शेंगा फोडत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुले सगळं माहीत आहे."

"तूच म्हनली, आठवत नाही. पोरीच्या व्हिडिओत आहे."

"तू माह्या तोंडावर बॅटरी मारली होती."

त्याने एक शेंग फोडली, दाणे फुंकले, माझ्या हातावर ठेवले. "कोनत्या सिनेमात?" असं त्याने अगदी मन लावून विचारलं.

भाद्रपद आला. नानांचं श्राद्ध आजवर गोविंदा जळगावला करायचा, पण तो आदल्या दिवाळीतच वारला. आता ते भालूकडे आलं. पक्षाआधी गुरुजी घरी आले, पाटावर बसले, वही उघडली.

"तिथी कोणती?"

भालू थांबला. त्याला ती कधी लागलीच नव्हती.

"दशमी," मी खुर्चीतून म्हणाले. "वैशाख वद्य दशमी. सकाळी गेले. मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं."

गुरुजींनी पेन टेकवलं आणि यजमानाकडे पाहिलं. भालूने मान हलवली.

"तिचं काही धरू नका, गुरुजी. तिथी माहीत नसली तर काय करतात?"

"सर्वपित्री अमावास्या असते. ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नाही, त्यांचं त्या दिवशी करायचं."

"मग अमावास्या लिहा."

"दशमी," मी पुन्हा म्हणाले.

"हो हो, आजी," गुरुजी म्हणाले आणि अमावास्या लिहून वही मिटली.

दशमीला घरात रोजचंच जेवण होतं, पोळी, भात आणि दोडक्याची भाजी. मी माझ्या ताटातली अर्धी पोळी आणि थोडा भात केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन गच्चीवर गेले. कठड्यावर ठेवून नानांचं नाव घेतलं. कावळा टाकीवर येऊन बसला होता. तेवढ्यात भालूची थोरली सून निशिगंधा मागोमाग आली. तिने मला दंडाला धरलं, प्रेमानेच धरलं, आणि एकेक पायरी मोजत खाली आणलं.

"बाबा, आत्या ताटातलं गच्चीवर नेऊन टाकतात आता," ती खाली आल्यावर म्हणाली.

"जिन्यात पडन एखाद्या दिवशी," भालू म्हणाला. "गच्चीले कुलूप लाव."

तिने लगेच लावलं.