तीन लढाया, श्वासांसकट

युद्धाचा खरा इतिहास राजे लिहीत नाहीत, सेनापती लिहीत नाहीत, ज्यांचे पुतळे चौकाचौकांत कबुतरांच्या सोयीसाठी उभे असतात तेही लिहीत नाहीत, तो इतिहास प्रत्येक युगातले कवी आपल्या रक्ताने लिहितात आणि मानवजात तो आपल्या अश्रूंनी वाचते.

हे वाक्य लिहून झालं तेव्हा माझं मलाच गहिवरून आलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ते मोठ्याने वाचून पाहिलं, 'सेनापती'पर्यंत गेली, थांबली, चष्मा काढला आणि म्हणाली, "बाळ, यात श्वास घ्यायला जागा कुठेय?"

मी सत्तरी ओलांडली आहे, पण ताईच्या लेखी अजून बाळच. वाक्य गेलं.

जन्मभर मी लोकांची टवाळी करून पोट भरलं. गंभीर लिहायची संधी म्हातारपणी आली, तीही ताईमुळे. एका प्रकाशनाने वेगवेगळ्या काळांतल्या युद्धकवितांचा एक संग्रह छापला होता. आता तोच ऐकायचं पुस्तक म्हणून काढायचा होता, म्हणजे लोकांना भांडी घासता घासता लढाया ऐकता येतील. कविता ताईने वाचायच्या आणि मधलं निवेदन मी लिहायचं, असं ठरत होतं. मूळ पुस्तकाला एका प्राध्यापकांची प्रस्तावना होती. ती ऐकायला लावली तर लोक नाइलाजाने पुन्हा वाचायला लागतील, असं प्रकाशकबाईंचं मत पडलं.

ताई रेडिओवर बातम्या द्यायची. लढाई सुरू झाली हे आणि उद्या हवा कोरडी राहील हे ती एकाच आवाजात सांगायची, आणि लोकांचा दोन्हींवर सारखाच विश्वास बसायचा. निवृत्त झाल्यावर तो आवाज तिने घरच्यांवर वापरला. गेल्या थंडीत मात्र तिला न्यूमोनिया झाला. त्यातून उठली, पण श्वास आखूड झाला. हल्ली जिना चढताना ती मधेच थांबते आणि भिंतीचा रंग निरखत राहते, जणू रंगच बघायला आली आहे.

हे प्रकाशकबाईंच्या कानावर गेलं होतं. बाई तशा घरच्याच. त्यांची आई आणि ताई एका वर्गात होत्या, म्हणून त्या ताईला मावशी म्हणतात. पण धंद्यात त्यांना भिडस्तपणा ठाऊक नाही. त्यांनी स्वच्छ सांगितलं की मावशींनी आधी तीन कविता वाचून दाखवायच्या, तीन काळांतल्या तीन कवींच्या. जमलं तर सगळं पुस्तक त्यांचं. नाही जमलं तर संगणकाचा आवाज आहेच. तो दमत नाही, रुसत नाही, चहा मागत नाही. नमुनाही ऐकवला. यंत्राने तिन्ही कविता अशा प्रसन्न सुरात वाचल्या होत्या की हत्ती, मायभूमी आणि मरण या तिन्हींवर आजच्या दिवस सवलत आहे असं वाटावं.

घरी येताना ताई म्हणाली, की हे काम तिला हवंय. माझ्या बहिणीला मी जन्मभर 'चालेल' म्हणताना ऐकत आलो. 'हवंय' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मी मुकाट्याने निवेदन लिहायला बसलो.

तालमी आमच्या स्वयंपाकघरात झाल्या.

पहिला कवी दरबारी. त्याच्या काळी कवी राजासमोर उभं राहून कविता म्हणत, आणि राजाला आपले मेलेले शत्रू संख्येने जास्त आवडत. त्यामुळे एकाच ओळीत आधी हत्ती, मागून रथ, मागून घोडे, वर बाणांनी झाकलेला सूर्य, आणि पूर्णविराम थेट नदी रक्ताने तुडुंब भरल्यावर. राजे नावानिशी मरतात, बाकीचे गवतासारखे कापले जातात. घोड्यांना एकाहून एक सुरेख विशेषणं आहेत, शिपायांना एकही नाही. ताईचा श्वास रथांपाशीच संपायचा. तिचं म्हणणं असं पडलं की या माणसाची छाती लोहाराच्या भात्याएवढी असणार, नाहीतर त्याने घोडे तरी कमी घेतले असते.

दुसरा छापखान्याच्या काळातला. त्याची कविता बुटांच्या तालावर चालते, आणि दर दोन ओळींनी 'चला पुढे' येतं. त्याची माणसं हसत हसत मरतात आणि धृपद आलं की उठून पुन्हा चालू लागतात. हा कवी स्वतः आरामखुर्चीतून कधी उठला नसावा, असं मी निवेदनात लिहिलं. ताईने पुरावा मागितला. मी म्हटलं, पुरावा कवितेतच आहे, लढाईत गेलेला माणूस सारखा 'चला' म्हणत नाही, कधीतरी 'थांबा'ही म्हणतो. आरामखुर्ची गेली, पण हे वाक्य ताईने राहू दिलं.

तिसरी कवयित्री अलीकडची. तिच्या कवितेत एक बाई शिवत बसली आहे. थोरला मुलगा लढाईत गेला, त्याची पॅन्ट ती धाकट्यासाठी आखूड करते आहे. शेवट असा:

चार बोटं आखूड केली.
जादा कापड कापलं नाही,
आत दुमडून ठेवलं.
वाढेल तो.

संपली कविता. नदी नाही, नगारा नाही, कोणी मरत नाही, कोणी हसतही नाही. पहिल्याने एका श्वासात हजार माणसं मारली होती. हिला एका माणसाबद्दल चार ओळी लिहायच्या तर त्यातही तो माणूस येत नाही, त्याचं कापडच येतं. मी निवेदनाचा कागद कोराच ठेवला. ताईने सगळ्यात जास्त वेळ या चार ओळींना दिला.

स्टुडिओ एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर होता. मधेच खालून ड्रिल सुरू व्हायचं, मग सगळ्यांनी कोणाची तरी दाढ भरून होईपर्यंत थांबायचं. वाचायची खोली कपाटाची थोरली बहीण शोभेल अशी, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज, माइकसमोर गाळणीसारखं एक जाळं. ताई आत, काचेच्या अलीकडे आम्ही तिघं: प्रकाशकबाई, मी आणि ध्वनिमुद्रक. हा गृहस्थ पन्नाशीचा, अंगाने भरलेला आणि स्वभावाने लोण्यासारखा. त्याची ख्याती साफसफाईबद्दल होती. वाचणाऱ्याचा श्वास त्याला पडद्यावर सुरवंटासारखा दिसायचा, आणि तो त्याला खड्यासारखा उचलून बाजूला काढायचा.

ताईने वाचलं. पहिल्या कवितेत तिने रथांपाशी श्वास घेतला, मग घोड्यांपाशी, मग नदीच्या अलीकडे. दुसरी सुरळीत चालली. प्रकाशकबाईंचं पाऊल ताल धरू लागलं. तिसरी तिने सावकाश वाचली, मधे मधे बराच वेळ सोडून. ध्वनिमुद्रक काचेतून तिच्याकडे बघत होता, आजारी माणसाकडे बघावं तसा.

मग त्याने ताईला आतच बसायला सांगितलं, हेडफोन लावायला सांगितला, साफसफाई केली आणि तिन्ही कविता ऐकवल्या.

पहिल्या कवितेतलं सैन्य हत्तींपासून नदीपर्यंत एका दमात जाऊन पोचलं. बाईंच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. दुसरीही छान. तिसरी मात्र सुरू होते न होते तोच संपली. चार बोटं आखूड केली, कापड ठेवलं, वाढेल तो. शिंपी गिऱ्हाइकाला पॅन्ट परत देताना सांगतो तशी. मधली सगळी शांतता त्याने झाडून टाकली होती. तो माझ्या कानाशी झुकून कुजबुजला, की काका, काळजी करू नका, ताई कुठे कुठे दमल्या ते आता कुणाला कळणारसुद्धा नाही. माणूस मनाने इतका चांगला होता की त्याच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

प्रकाशकबाई खूश झाल्या. बटण दाबून त्यांनी आत सांगितलं, की मावशी, एक श्वास ऐकू आला नाही, काम तुमचं. माझा जीव भांड्यात पडला. आता ताईने फक्त बरं म्हणायचं होतं.

स्पीकरमधून तिचा आवाज आला. "माझे श्वास कुठे गेले?"

ध्वनिमुद्रकाने अदबीने सांगितलं की काढले, सगळ्यांचेच काढतो.

"पहिल्या दोघांचे काढलेत, समजू शकते," ताई म्हणाली. "एकाचं सैन्य दमत नाही, दुसऱ्याची माणसं मेली तरी चालतात. पण तिसरीत एक बाई शिवतेय. कापडात सुई घालताना माणूस श्वास धरतो. तिथे मी दमले नव्हते, तिथे ती थांबली होती."

प्रकाशकबाईंचा चेहरा अवघडला. त्यांनी आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारलं, की ते थांबणं नक्की कवितेचं होतं की फुप्फुसांचं? प्रश्न रास्त होता. दमलेला माणूसही हेच म्हणाला असता. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी घरी तालमी ऐकल्या होत्या, म्हणजे साक्षीदार मी एकटाच. भाऊ म्हणून हो म्हणायचं जिभेवर आलं होतं. पण खरं विचारलं तर मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "घरीही ती तिथे थांबायची. पण जिन्यातही थांबते."

ताईने काचेतून माझ्याकडे असं पाहिलं की मी साताठ वर्षांचा झालो.

"बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली. "मी परत वाचते. तिन्ही, एकापाठोपाठ. यातलं काही काढायचं नाही. मग ठरवा."

बाईंनी सुचवलं की जरा बाहेर या, बसा, पाणी प्या. ताई विश्रांतीला नको म्हणाली. पाण्याला तर फारच ठामपणे नको म्हणाली. खालच्या डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं आणि तिने सुरुवात केली.

या वेळी रथांपाशी आलेला श्वास तिने लपवला नाही, चांगला ऐकू येईल असा घेतला. आणि गंमत अशी, की त्या सैन्यात पहिल्यांदाच कोणीतरी धापा टाकतंय असं वाटलं. राजा नव्हे, रथांच्या मागून पायी पळणारा कोणीतरी, ज्याच्यासाठी कवीपाशी विशेषण उरलं नव्हतं. घोड्यांपाशी तो पुन्हा दमला. नदी आली तेव्हा ती ओलांडायचं त्याच्या जिवावर आलेलं होतं.

दुसरी कविता तिने मघापेक्षा भरभर म्हटली. 'चला पुढे'मध्ये आज अशी काही कळकळ होती की बाईंचं पाऊल ताल धरायचंच विसरलं. ही माणसं पुढे निघाली होती ती शौर्यासाठी नव्हे, एकदाचं हे सगळं संपावं म्हणून.

तिसरीला ती ताठ बसली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. चार बोटं आखूड केली, म्हणाली, आणि थांबली. सुई कापडातून पलीकडे जाईपर्यंत आम्हीही थांबलो. जादा कापड कापलं नाही. पुन्हा तेच. ध्वनिमुद्रकाचा हात माउसवरून आपोआप खाली आला. आत दुमडून ठेवलं. ताईचे डोळे मिटलेले होते, आणि तिच्या आत काहीतरी मोठं निकराने आवरून धरलेलं आहे हे काचेपलीकडूनही दिसत होतं. मग तिने शेवटची ओळ अगदी हळू सोडली. वाढेल तो.

धाकटा किती वाढेल आणि वाढून कुठे जाईल, हे त्या खोलीत प्रत्येकाला एकदमच कळलं असावं. टवाळी करायला जागा सापडली नाही, असं माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

शेवटी प्रकाशकबाईंनी बटण दाबलं. "मावशी, पुस्तक तुमचं. श्वासांसकट. यंत्राला मी आजच नाही म्हणून कळवते."

मग त्यांना राहवेना. त्यांनी विचारलं, की शेवटच्या कवितेतला तो संयम, ते आतल्या आत धरून ठेवणं, हे मावशींनी आणलं कुठून? मी घाईने पेन काढलं. निवेदनाचा तो कोरा कागद भरायची वेळ आली होती.

"मघाच्या दुसऱ्या कवीपासून धरून बसलेय," ताई म्हणाली. "मधे उठले असते तर दमली म्हणाला असतात. आता हे दार उघडा कुणीतरी, आतून उघडत नाहीये, आणि बाथरूम कुठेय तेवढं सांगा."