मेलेल्या बॅटरीची तारीख

काका चाळिशीतलेच, पण अकरा वर्षं एकाच डबड्यासमोर बसवून ऑफिसनं त्यांचा काका केला होता. लिफ्टचा ब्रेक कधी लावायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर बनायचं. तपासणी खात्यानं मंजूर केलेल्या फाईलमध्ये एक बाइटही इकडचा तिकडे चालत नसे.

काकांनी राजीनामा दिला तेव्हा साहेब गोड हसले. "जा की! नव्या कॉम्प्युटरवर तीच फाईल तंतोतंत बनवून दाखवा, लगेच मोकळे."

गोड बोलून गळ्यात दोर. सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. आज शुक्रवार.

कोड तोच, त्याची फाईल बनवणारा कम्पायलर तोच. तरी नव्यावरची फाईल रोज चार-पाच बाइटनं वेगळी. कालच्यासारखी आज नाही.

ताईचा फोन आला. "सोमवारी येतोयस ना रे? तुझ्यासाठी इथं शब्द टाकलाय मी. माझं नाक कापू नकोस."

"येतो गं," काका म्हणाले.

शेजारच्या टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, "सुटा एकदाचे, काका. तुमचं अडलंय तोवर साहेब कुणालाच सोडत नाहीत. मग माझ्या बदलीच्या अर्जावरची धूळ तरी साहेब झटकतील. आई तिकडे एकटी आहे हो."

काकांनी चिडून जुना डबा बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर तारीख उमटली: एक जानेवारी, वीस वर्षांपूर्वीची. घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली. रोज सकाळी चालू केला की त्याची तीच एक जानेवारी!

काकांनी कपाळावर हात मारला. फाईलमध्ये बनवल्याची तारीख आपोआप घालणारी ओळ त्यांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठ्या ऐटीत लिहिली होती. जुन्यावर ती तारीख कधी बदललीच नाही. स्वतःच्या हातानं घातलेलं कुलूप!

त्यांनी कागदावर लिहिलं: नव्याची तारीख वीस वर्षांपूर्वीच्या त्याच एक जानेवारीला न्या, फाईल बनवा, मंजूर फाईलशी ताडून पाहा. दुसऱ्यालाही जमतं हे दाखवायला साहेबांसमोर बाईंनी ते वाचत वाचत केलं. एकही बाइट वेगळा नाही.

"झालं की!" बाई हसल्या. "एवढंच होय?"

"वा!" साहेब बाईंना म्हणाले. "म्हणजे आता हे तुम्हाला येतं." त्यांनी काकांची खुर्ची बाईंकडे सरकवली. "बसा. बदलीचं पुढं बघू."

बाईंचं हसू तिथंच विरलं. "काका..."

काकांनी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. बाईंकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. ते निघाले, जवळजवळ पळतच.