ओलसर आत्यांचं कपाट

एका विम्याच्या जाहिरातीने 'ओलसर आत्या' हा जुना बँड पुन्हा जिवंत झाला आणि त्यात गाणाऱ्या इशबेल गेडीसची झोप उडाली.

जाहिरातीत चाकांवरच्या घरासारखी एक कॅरॅव्हॅन वाऱ्याने गडगडत जाऊन समुद्रात पडते आणि मागे याच बँडचं जुनं गाणं वाजतं. गाणं अशाच कॅरॅव्हॅनवरचं होतं. बँडमधल्या वॉटीच्या मामाची खरोखरच तशी गेली होती, मामा तेवढा पबमध्ये बसला होता म्हणून वाचला. गाणं आलं तेव्हा जी पोरं जन्मालाही आली नव्हती ती आता ते गुणगुणत हिंडत होती. मग ग्लासगोच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. तिघांनी यावं, जुनी गाणी म्हणावीत आणि कपाट आणावंच.

"कपाटाशिवाय नको म्हणतायत," वॉटी फोनवर म्हणाला. पूर्वी ड्रम वाजवणारा वॉटी आता गाडीत मासे भरून गावोगाव विकत फिरतो. "माझं काही नाही गं. पोट ड्रममागे मावलं की झालं. पण ॲलिकला तूच विचार. तो तुझंच ऐकतो."

ऐकतो, हेच तर सगळं दुखणं होतं. इशबेलने फोन ठेवला.

बँडचा जन्म स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बकी या कोळ्यांच्या गावातला. वॉटीच्या आत्याच्या धुण्याच्या खोलीत तिघं वाजवायला बसायची, भिंतींना बारा महिने ओल, त्यावरून हे नाव पडलं. इशबेल गायची आणि गिटार वाजवायची. वॉटी माशांच्या खोक्यांवर काठ्या आपटायचा, त्यालाच ड्रम म्हणायचा. आणि ॲलिक काउई की-बोर्डवर बसायचा. तिघांतला खरा कलावंत तोच, हे बाकीच्या दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोघांनी ते त्याला कधी सांगितलं नाही. बकीत कोणी कोणाचं तोंडावर कौतुक करत नाही. 'वाईट नाही' म्हणजे तिथे पदक मिळाल्यासारखं. कोणी भरभरून बोलायला लागलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि याला ते कळलंय.

ॲलिकला माणसांची भीती वाटायची. माणसांची म्हणजे त्यांच्या नजरेची. पहिल्याच कार्यक्रमाला, कोळ्यांच्या सभागृहात, पडदा उघडायच्या आधी तो पांढराफटक पडला. रंगमंचाच्या कोपऱ्यात नाताळच्या नाटकातलं एक लाकडी कपाट उभं होतं. ॲलिकने की-बोर्ड आत ओढला, स्टूल आत घेतलं आणि दार लावून घेतलं. आतून सूर आले, इतके गोड की समोरचे कोळी बोलायचे थांबले. मग कोणीतरी हसलं, मग सगळंच सभागृह हसलं, आणि शेवटी त्यांनी बँडला डोक्यावर घेतलं. इशबेलने लोकांना डोळा मारला. जणू हे सगळं ठरवूनच केलं होतं.

पुढे ते ठरवूनच होऊ लागलं. वॉटीच्या आत्याचं डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं कपाट व्हॅनच्या टपावर बांधून तिघं ॲबर्डीनला गेली, मग एडिनबराला. पिवळे रेनकोट घालून गायची, मधेच लोकांत खारट बटरी पाव भिरकवायची. लंडनच्या रेडिओने त्यांची गाणी लावली. दुसऱ्या रेकॉर्डनंतर तर वर्तमानपत्रांत कपाटाचे फोटो यायला लागले. आत कोण आहे यावर लोक वाद घालायचे. कोणी म्हणायचं आत कोणीच नाही, टेप लावलीय. इशबेल मुलाखतींत म्हणायची, "आत आमची खरी आत्या आहे. तिला थंडी सोसत नाही." सगळे हसायचे. मित्राच्या भीतीवर आपण घर बांधतोय, हे तिला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण घर छान होत होतं.

त्या हिवाळ्यात ॲलिक एडिनबराजवळच्या लीथमधल्या कुठल्याशा बाईंकडे जायला लागला. त्या श्वास कसा घ्यायचा, नजरांना कसं सामोरं जायचं ते शिकवायच्या. त्याने दोघांना तेव्हा काही सांगितलं नाही. ग्लासगोच्या बॅरोलँड सभागृहातल्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं खपली होती. त्या दुपारी आवाज तपासायच्या वेळी त्याने की-बोर्ड कपाटाबाहेर काढला. वॉटी अजून यायचा होता, पण दिवेवाले होते, वायरवाले होते, खुर्च्या पुसणारी एक बाई होती. ॲलिक त्या सगळ्यांसमोर बसला. कान लाल झाले होते, पण बसला आणि वाजवलं. इशबेलने त्याला तसं वाजवताना त्याआधी ऐकलं नव्हतं. पुसणारी बाई फडकं खांद्यावर टाकून टाळ्या वाजवायला लागली.

ॲलिक उठून इशबेलकडे आला. कपाळावर घाम, डोळ्यांत काहीतरी नवीनच. "इशे," तो म्हणाला, "आज बाहेर बसू का?"

दाराबाहेर पोस्टर लागलं होतं. त्यावर नुसतं कपाट होतं, दुसरं काही नाही. लोक त्या कपाटासाठी येणार होते. इशबेल घाबरली. ॲलिकसाठी नाही, पोस्टरसाठी.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "हात थरथरत होते तुझे. दोनदा चुकलास. ती बाई दयेनं टाळ्या वाजवत होती रे."

ॲलिकने मान हलवली. वाद घातला नाही. बकीच्या माणसाला बकीच्या माणसाने वाईट सांगितलं की त्यावर शंका घ्यायची नसते, तिथे खरं बोलायची पद्धतच ती. त्याने की-बोर्ड उचलून आत ठेवला. त्या संध्याकाळी बॅरोलँड दणाणून गेलं. नंतर वॉटीने विचारलं, "ॲलिक गप्प का गं?" इशबेल म्हणाली, "दमला असेल."

यशाची हवा फार काळ टिकली नाही. तिसरी रेकॉर्ड आपटली. लोकांना कपाटाचा कंटाळा आला, लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा एक गोरागोमटा साहेब म्हणाला की आता चेहरे दिसले पाहिजेत. इशबेल ॲलिकला म्हणाली, बाहेर ये. तो म्हणाला, "इशे, तूच म्हणालीस ना, मला ते जमत नाही." तेव्हाच तिने खरं सांगून टाकायला हवं होतं. तिने नाही सांगितलं. मँचेस्टरच्या कार्यक्रमात गाणं चालू असताना ती कपाटापाशी गेली आणि दोन्ही दारं सताड उघडली. दिव्याचा झोत आत पडला. ॲलिक दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. लोक हसत सुटले, त्यांना वाटलं हीही गंमत आहे. ॲलिक उठला, मागच्या बाजूने निघून गेला आणि सरळ बकीची गाडी पकडली. 'आत्यां'नी गाशा गुंडाळला. इशबेलने पुढे एकटीची एक रेकॉर्ड केली. ती तिच्या आईने घेतली आणि वॉटीने घेतली.

या सगळ्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. मँचेस्टरबद्दल तिने पत्राने माफी मागितली होती आणि ॲलिकने केव्हाच माफ केलं होतं. बॅरोलँडच्या दुपारच्या खोट्याबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. मँचेस्टरला तिने दार उघडलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याआधी बॅरोलँडला तिनेच ते लावलं होतं, ते कोणी पाहिलं नव्हतं.

तिने ठरवलं, आधी हे सांगायचं, मग महोत्सवाचं विचारायचं. ॲलिक बाहेर बसेल तरच ग्लासगोला जायचं. कपाट हवंय त्यांनी फर्निचरच्या दुकानात जावं.

बकीला ॲलिकचं घर बंदराच्या वरच्या रस्त्यावर होतं. दिवसा तो बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात काम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, वरच्या माळ्यावर, पडद्याआड. दार त्यानेच उघडलं. केस गेले होते, हसू तेच होतं.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तुझ्याहून कमी."

तेवढ्याने इशबेलचा जीव भांड्यात पडला. त्याची बायको रोना हात पुसत बाहेर आली, उंच, शांत बाई, गावातल्या शाळेत शिकवणारी. "तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय," ती म्हणाली, "की चहा कसा घेता तेसुद्धा माहीत आहे." तिने धुरी दिलेल्या हॅडक माशाचं दाट सूप आणि पाव पुढे ठेवला आणि दोघांना बोलू द्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेली.

"कपाटासाठी आलीस ना?" ॲलिक म्हणाला. "वॉटीने फोन केला होता. मी येईन. फक्त दाराला आतून कडी बसवा या वेळी."

हे बोलताना तो हसला. 

"कपाट नको ॲलिक. बाहेर बसून वाजव."

"छे गं. ते माझ्याच्यानं होत नाही, तुला तर माहीत आहे." त्याने पाव मोडला. "खरं सांगू, तुझे उपकार आहेत माझ्यावर. त्या बॅरोलँडच्या दुपारी बाकी सगळे म्हणत होते, छान, छान. लीथच्या बाईसुद्धा म्हणायच्या. तू एकटी खरं बोललीस. नाहीतर मी हजारो लोकांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं असतं. नंतर कधीही मोह झाला की मला तुझे शब्द आठवतात. पोरीच्या लग्नात ती म्हणत होती, बाबा, समोर बसून वाजवा. मी म्हटलं नाही बाई, आपल्याला आपली पायरी माहीत आहे."

इशबेलने चमचा खाली ठेवला. तिला वाटलं होतं तो रागावेल, तिला हाकलून देईल. त्याची तयारी तिने वाटेभर केली होती. उपकारांची केली नव्हती.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "हात थरथरत नव्हते. एकदाही चुकला नाहीस. मी तुला कधी इतकं सुंदर वाजवताना ऐकलं नव्हतं. बाहेर पोस्टर लागलं होतं म्हणून खोटं बोलले मी."

 ॲलिकचा चेहरा मवाळ झाला, आजारी माणसाकडे पाहताना होतो तसा. त्याने तिच्या हातावर थोपटलं.

"इशे, मँचेस्टरचं अजून मनाला लावून घेतलंयस होय? मी विसरलो ते. माझ्यासाठी असलं काही रचायची गरज नाही."

"रचत नाहीये रे."

"सुंदर म्हणे." तो हसायला लागला. "बकीची पोर तू. कधी कुणाला सुंदर म्हणाली आहेस का जन्मात?"

तिने शपथ घेतली. पुसणारी बाई आठवून सांगितली, तिच्या खांद्यावरचं फडकं सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्याची माया वाढत गेली. आपलं खोटं त्याने एका वाक्यात मानलं आणि खरं मानायला तो कुठल्याच वाक्यात तयार नाही, हे तिला कळून चुकलं. तिला रडू आलं, आणि ते पाहून तो उलट तिचीच समजूत काढायला लागला.

"बरं, वाजवून दाखव," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. मग बघू कोण खोटं ते."

"वाजवतो की. तू स्वयंपाकघरात जा रोनापाशी. दार लाव जाताना."

ती गेली. दुसरं काय करणार होती? तिने दार लावलं, आणि पलीकडे पियानो सुरू झाला. कॅरॅव्हॅनचंच गाणं, पण इतकं सावकाश की त्यातला विनोद गळून गेला होता आणि नुसता समुद्र उरला होता. त्या दुपारपेक्षाही चांगलं वाजवत होता. रोनाने नळ बंद केला. दोघी सिंकपाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"चांगलं वाजवतो ना?" रोना हळूच म्हणाली. "मी त्याला वाजवताना कधी पाहिलेलं नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. त्याची बोटं पियानोवर कशी दिसतात, मला ठाऊक नाही. पोरीलाही नाही." तिने कप पुसायला घेतला. "आधी वाईट वाटायचं. मग म्हटलं, देवाने त्याला असाच घडवला, आपण कशाला ओढून बाहेर काढायचं."

इशबेलला तेव्हा गप्प राहता आलं असतं. पण गप्प राहून राहूनच इथवर आलो, असं तिच्या मनात आलं आणि तिने रोनाला सगळं सांगितलं. लीथच्या बाई, बॅरोलँड, पोस्टर, ते तिने बोललेलं वाक्य. हळू आवाजात, पियानोच्या आडून.

रोनाने विश्वास ठेवला. रोना मूळची बकीची नव्हती.

तिने कप खाली ठेवला. फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

"पोर लग्नात रडली होती," ती म्हणाली. "मी तिलाच रागावले. म्हटलं, बापाला समजून घे."

"मी त्याला सांगितलं, रोना. त्याला पटत नाही."

"पटणार नाही. त्यावर त्याने आयुष्य बेतलंय." रोनाने मागचं दार उघडलं. बंदराकडचा गार वारा आत आला. "तू आता जा."

"त्याचा निरोप तरी घेते."

"नको. वाजवणं मोडू नकोस त्याचं."

इशबेल मागच्या गल्लीत उतरली. कोट आत राहिला होता, तो मागायचा धीर तिला झाला नाही. रोनाने दार आवाज न करता लावलं. आत ॲलिकने दुसरं गाणं धरलं होतं. इशे पलीकडे बसून ऐकतेय असं समजून तो तिच्यासाठी वाजवत होता.