आत्याची बदली

विजेने पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला महागडे धातू लागतात. ते काम निकेल-लोखंडाच्या स्वस्त पट्टीवर भागवायचं, या नादात संशोधक भाचीची सहा वर्षं गेली होती. पट्टी कामाला चोख, पण तिसऱ्या दिवशी मान टाकायची.

घरात रंगकाम निघालं म्हणून ती आत्याला प्रयोगशाळेत घेऊन आली. आत्या पट्टीच्या भांड्याशेजारी खुर्ची टाकून बसली आणि पट्टीशीच बोलू लागली. "दमलीस का गं? बस जरा."

तिसरा दिवस गेला. नववा गेला. पट्टी तशीच.

विभागप्रमुखांनी पट्टीतल्या विजेच्या प्रवाहाचा आलेख पाहिला. "आत्यांना दोन दिवस घरी ठेवा," ते म्हणाले. आत्या घरी, प्रवाह खाली. आत्या परत, प्रवाह वर. मग साहेबांनी पडताळणीसाठी आपल्या सासऱ्यांना दुसऱ्या पट्टीसमोर बसवलं. ते गुडघेदुखीवर अखंड बोलले. पट्टी तिसऱ्या दिवशी गेली. सासरे मनाला लावून घेऊन जेवले नाहीत.

आत्याची 'स्थैर्य अधिकारी' म्हणून नेमणूक झाली. दारावर पाटी लागली.

भाचीला मात्र चैन पडेना. एका दुपारी तिने आत्याला भांड्यात पाणी ओतताना पाहिलं, घरून आणलेल्या गंजक्या लोखंडी तांब्यातून.

"हे काय करतेस?"

"कमी झालं की घालते. तुमचं बाटलीतलं पाणी अगदीच पाणचट आहे."

भाचीने तांब्यात बोट फिरवलं; ते गंजाने लाल झालं. पट्टीतलं लोखंड झिजून पाण्यात जात होतं आणि गंजातलं लोखंड येऊन ती जागा भरत होतं. तिने रिकाम्या खोलीत नवी पट्टी लावली, पाण्यात चिमूटभर लोखंडाचा क्षार टाकला आणि दाराला कुलूप घातलं. पट्टी चाळीस दिवस चालली.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "छान. पण पद मंजूर झालंय. रद्द करायला तीन समित्या लागतील."

आत्याला सांगणं सगळ्यात अवघड होतं. ऐकून ती पट्टीकडे वळली.

"म्हणजे ती माझं ऐकत नव्हती?"

"नाही गं."

"तरी म्हटलं, एकदाही उलट उत्तर कसं नाही." तिने पदराने डोळे पुसले, हसली, आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?"

"शेजारच्या प्रयोगशाळेत. बॅटरीवाल्यांनी रीतसर अर्ज करून मागितलंय मला. त्यांच्या बॅटऱ्या फुगतात म्हणे."