दाराआडचा अर्क

या, असे जवळ सरकून बसा. कोपऱ्यातल्यांनीही पुढं यावं. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. एका बाईनं आपल्याच हातानं कडी लावली आणि मग दार का उघडत नाही म्हणून आतल्या आत झुरत राहिली, तिची ही गोष्ट. देवाची करणी अगाध खरी, पण माणसाची करणीही काही कमी नसते.

एक दुकान होतं, आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून घर. मधल्या भिंतीत एक झरोका, स्वयंपाकघरातून दुकानात बाटली सरकवता येईल एवढाच. दुकानात कॉफीचं यंत्र, थोडी टेबलं आणि काचेवर रंगवलेली अक्षरं: ‘मसाला चाय लाटे’. अर्धा कप मसाला चहाचा दाट अर्क, वरून फेसाळलेलं गरम दूध, झाला लाटे तयार. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “लाटे म्हणे! ज्यांना लाटणं धरता येत नाही ते निघाले लाटे विकायला.” पण लोक येत, पीत, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी घेऊन येत.

तो अर्क करायची घरातली सून. धाकटा दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनी म्हणत. शेजारची शिंपीणबाई तिच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी, पण तिचीही ती वहिनीच.

वेलदोडे सालीसकट ठेचायचे. दालचिनी, लवंगा, मिरी, एखादं चक्रीफूल, सगळं कोरड्या पातेल्यात मंद आचेवर परतायचं. वास टाळूला भिडला की पाणी, ठेचलेलं आलं, साखर. पाणी आटून निम्म्यावर आलं की गॅस बंद, आणि मग चहाची पत्ती. पत्ती उकळायची नाही, झाकणाखाली मुरू द्यायची. इथवरचं सगळ्या घराला पाठ होतं. यापुढं वहिनी म्हणायची, “आता जरा बाहेर व्हा हं,” आणि आतून कडी लावायची.

आत ती काय करायची? काही नाही. पातेलं फडक्यावर ओतायची, फडक्याची टोकं बांधून ती पुरचुंडी नळाला टांगायची, खाली भांडं ठेवायची आणि स्टुलावर बसून राहायची. थेंब थेंब गळू द्यायची. फडकं पिळायचं नाही, एवढंच तिचं गुपित. पिळलं की पत्तीचा सगळा कडूपणा खाली उतरतो. हे तिला तिच्या ताईनं शिकवलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच तिची वेणी घातली, तिला चार घास भरवले, आणि चिमणी म्हणून हाक मारली.

मग लपवायचं कशाला? अहो, हे घर पिळणाऱ्यांचं होतं! सासूबाई लिंबू पिळत ते साल शरण येईपर्यंत. टूथपेस्टची संपलेली नळी त्या लाटण्यानं लाटून आणखी आठवडाभर पुरवत. अशा घरात नव्या सुनेनं निम्मा चहा फडक्यात ठेवून तो चोथा टाकलेला दिसला असता तर? म्हणून तिनं दार लावलं. आणि पहिली बाटली संपल्यावर घरानं विचारलं, “कसं गं केलंस?” तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “हाताचं असतं हो ते. सांगून येत नाही.”

तोवर तिनं त्या घरात ‘हाताला वळण नाही’ एवढंच ऐकलं होतं. या एका वाक्यानं तिला घरात जागा मिळाली. आणि त्याच वाक्यानं ती जागेला खिळली. कारण अर्क फ्रीजमध्ये जेमतेम आठवडा टिकतो, मग आंबूस होतो. करून ठेवून कुठं जावं म्हटलं तर जाता येत नाही. वर्षं गेली. ताईचं गाव दूर, जाऊन येण्यातच आठवडा मोडायचा. फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहून जायची.

आणि मग ताईला विसर पडू लागला.

आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवण झालं की नाही ते. एके दिवशी भाचीनं व्हिडिओ कॉल लावून फोन ताईसमोर धरला. ताई बराच वेळ बघत राहिली. “कोण गं ही बाई? ओळखीची वाटते.” मग एकदम चेहरा उजळला. “चिमणी ना तू? किती वाळलीस! कधी येतेस?”

“येते गं ताई. लवकरच येते.”

भाचीनं फोन बाजूला नेला. “मावशी, आज ओळखलं. उद्याचं सांगवत नाही. येणार असशील तर आत्ताच ये.”

रात्रीच्या जेवणाला वहिनीनं विषय काढला. नवरा माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. तो म्हणाला, “जा की. मी कधी अडवलंय? राहा चांगली महिनाभर. फक्त अर्काचं तेवढं बघ.”

“भाऊजी करतील.”

“मी?” दिराचा घास हातातच राहिला. “वहिनी, मला दुधाला फेस आणता येतो. तोंडाला फेस आणायचं काम नका सांगू.”

तरी त्यानं करून पाहिलं. सगळं नीट केलं, परतलं, आटवलं, मुरवलं. वहिनी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. गाळायची वेळ आली आणि सासूबाई पुढं झाल्या. फडकं हातात धरून त्यांनी असा पीळ दिला, की फडक्याचे डोळेच पांढरे व्हायचे बाकी होते. अर्क भरपूर निघाला. नवऱ्यानं दूध घालून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कडू.”

“हाताचं असतं बाबा ते,” दीर म्हणाला. “मी नव्हतो म्हणत?”

आता बोल, असं तिच्या मनानं तिला म्हटलं. पण बोललं की संपलं. मग या घरात आपण कोण? हाताला वळण नसलेली एक बाई? तिन्ही तोंडं तिच्याकडं कौतुकानं पाहत होती. तिनं पातेलं घासलं, पुन्हा वेलदोडे ठेचायला घेतले, आणि वेळ झाली तेव्हा म्हणाली, “आता जरा बाहेर व्हा हं.”

कडी लागली. थेंब पडत राहिले. झरोक्यातून दुकानातलं हसणं ऐकू येत होतं. बुवा कीर्तनात अंगावर येईल असा प्रश्न टाकून थांबतात, आणि मागं नुसता टाळ वाजत राहतो ना, तसा तो थेंबांचा आवाज. उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं. तिनं त्या दिवशी दिलं नाही. त्यानंतरही बरेच दिवस दिलं नाही. असेच दोन-तीन आठवडे गेले.

पुन्हा फोन आला. ताई खुर्चीत नीटनेटकी बसली होती, केस विंचरलेले. वहिनी हाका मारत राहिली, “ताई, अगं मी! चिमणी!” ताईनं तिच्याकडं अतिशय सभ्यपणे पाहिलं आणि भाचीला म्हणाली, “बाई केव्हाच्या आल्यात, त्यांना आत तरी बोलाव. चहा टाक.”

फोन बंद झाल्यावर वहिनी रडली नाही. तिनं सासूबाईंना आणि दिराला हाक मारली, अर्क चढवला, आणि गाळायची वेळ आली तेव्हा दार सताड उघडं ठेवलं.

“आई, बसा इथं. भाऊजी, फडकं बांधा. टांगा नळाला. आता हात काढा.”

“मग?” दीर म्हणाला.

“मग काही नाही. गळू द्यायचं. पिळायचं नाही.”

सासूबाईंनी थोडा वेळ थेंब पाहिले. हात दोनदा फडक्याकडं गेला, दोनदा त्यांनी तो मागं घेतला. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग इतकी वर्षं कडी लावून आत काय करत होतीस?”

“बसत होते,” वहिनी म्हणाली.

दिरानं हसू दाबलं. बाटली झरोक्यातून पलीकडं गेली. शिंपीणबाईनं नेहमीसारखा लाटे घेतला, डोळे मिटले, आणि तिचा आवाज झरोक्यातून आत आला: “काही म्हणा, वहिनींच्या हाताची चव ती वहिनींच्या हाताची चव!”

दीर पोट धरून हसला. वहिनीही हसली, पण हसता हसता तिची नजर टांगलेल्या फडक्याकडं गेली. म्हणजे आपला हात कधीच लागत नव्हता तर. कुणाचाही चालला असता.

“आई, रागावलात?”

“रागावू नको तर काय करू? किती चहा फुकट गेला असेल गं!” सासूबाई उठल्या, कपाटावरची बॅग खाली ओढली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली. “जा. आणि जाऊन परत ये. अर्क हा करील. पण माझ्याशी भांडायला या घरात दुसरं आहे कोण? हे दोघं नुसतं हो-हो करतात.”

ती गेली. ताईनं तिला ओळखलं नाही. पहिल्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्या गप्प राहिलेल्या आठवड्यांची किंमत देवानं तिला माफ केली असेल, पण ते आठवडे परत नाही दिले.

एका दुपारी तिनं ताईच्या ओट्यावर अर्क केला. ताई शेजारी बसून होती, नजर खिडकीबाहेर. भाची मदतीला आली आणि तिनं सवयीनं फडकं पिळायला धरलं. तेवढ्यात ताईचा हात झटकन पुढं आला. चापटच बसली भाचीच्या मनगटावर.

“पिळायचं नाही! कडू होतं. गळू दे आपलं आपण.” मग ताई वहिनीकडं वळून म्हणाली, “आजकालच्या मुलींना धीर नाही बघा. तुम्हाला बरं ठाऊक आहे हे. कुणी शिकवलं?”

“माझ्या ताईनं.”

“भली असेल हो ती.”

“फार भली आहे,” वहिनी म्हणाली. ताईनं मान हलवली, आणि भांड्यात पडणारे थेंब दोघी जणी बघत राहिल्या.

मंडळी, उद्या तुमच्या ओट्यावर चहा गाळाल, तेव्हा हात क्षणभर मागं घ्या आणि त्या ताईला आठवा. तिची तिला आठवण राहिली नाही. ती आता तुम्ही ठेवा.