माझ्यावर उमटलेल्या दोन बातम्या

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. देवाची नव्हे, पाट्याचीही नव्हे. मी छापखान्याची शिळा. माझा जन्म समुद्रापलीकडच्या खाणीत झाला. जहाजाने मी मुंबईला आले आणि तिथून बैलगाडीत हाडे खिळखिळी करून घेत वऱ्हाडात, अमरावतीला पोचले.

मला आणले महादेवरावांनी. ते मूळचे बाळापूरचे. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. भाव काय, लढाईचे काय, हे ऐकायला लोक कान टवकारून बसत. महादेवरावांनी दर आठवड्याचे एक वर्तमानपत्र काढले. ते चिकट शाईने कागदावर लिहीत. तो कागद माझ्यावर दाबला की अक्षरे उलटी उमटत. मग छापखान्यातला गडी पुंजाराम मला पाण्याने पुसून शाईचा रूळ फिरवी आणि कागदामागून कागद छापी. काम झाले की वाळूने घासून मला कोरी करी. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे. गावोगावच्या पारावर माझी अक्षरे मोठ्याने वाचली जात. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग तो उन्हाळा आला. शहराबाहेरच्या अड्ड्यावर कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. साऱ्या गाडीवाल्यांना पाण्याला एकच विहीर. तिथे माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवेलागणीला आडवा होई. अशात कचेरीचा शिपाई छापायला मजकूर घेऊन आला : 'अड्ड्यावर उन्हाच्या त्रासाखेरीज दुसरा आजार नाही. गाडीवाल्यांनी निर्धास्त यावे.'

पुंजाराम रूळ हातात धरून उभाच राहिला.

"मालक, अड्ड्यावरून रोज मढे निघून राहिले. पटकीच हाये ते. आन् आपन हे छापावं?"

महादेवराव खाली बघत म्हणाले, "सरकारी मजकूर आहे, पुंजाराम. कचेरीची मर्जी गेली तर छापखाना चालंन काय? छाप."

मी छापले. शिळेला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी पुंजारामने मला कितीही घासले तरी मला कोरे झाल्यासारखे वाटेना.

काही दिवसांनी भर दुपारी एक बाई दारात उभी राहिली. पार्बताबाई तिचे नाव. भातकुलीकडची माळीण. डोक्यावर टोपली नव्हती, कपाळावर कुंकू नव्हते.

"कागद छापनारे तुमीच काय?" तिने विचारले.

"हो, मीच," महादेवराव म्हणाले.

"आमच्या पारावर तुमचा कागद वाचला. अड्ड्यावर काही नाही म्हने, निर्धास्त या म्हने. माहे घरधनी जाऊ का नको करून राहिले होते. कागद आयकला आन् गाडी जुपली. गाडी वापस आली, ते नाही आले." तिचा आवाज चढला नाही. "मले येवढंच सांगा, तुमाले ठाऊक होतं का नव्हतं?"

महादेवरावांनी हातातली लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, "ठाऊक होतं, बाई."

"मंग काहून छापलं?"

महादेवराव उठले. ते येरझारा घालू लागले. एकदा दाराशी जात, एकदा माझ्यापाशी येत. आणि एकाएकी खाली बसून त्यांनी लेखणी उचलली.

"आता खरं छापतो. अड्ड्यावर पटकी आहे, विहिरीचं पाणी पिऊ नका, असं लिहितो. पण लोक मानणार नाहीत. तुमच्या घरधन्याचं नाव घालू काय? नाव असलं तर मानतील. नाव सांगा."

पार्बताबाई घुटमळली. तिने जन्मात नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. आमच्याकडे बायका घेत नसत. तिने पदर तोंडाशी धरला. मग पदर खाली करून स्पष्ट म्हणाली, "गोवर्धन. लिवा, गोवर्धन माळी."

ते नाव माझ्यावर उमटले, तेव्हा मला अवघडल्यासारखे आणि हलकेही वाटले.

पण बाजारात लोक हसले. "परवा म्हने रोग नाही, आज म्हने हाये. या कागदाचा काय भरोसा?" कचेरीने दवंडी पिटली की ही बातमी खोटी आहे. कागद पुड्या बांधायला गेले.

तेव्हा पार्बताबाईने उरलेले कागद टोपलीत घेतले आणि ती बडनेऱ्याहून अड्ड्याकडे येणाऱ्या वाटेवर जाऊन बसली. पुंजारामही मागोमाग गेला. पुढचे मला त्याच्याच तोंडून कळले. ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला आडवी होई. कागद पुढे धरून म्हणे, "मले वाचता येत नाही, बाप्पा. पन इथं माह्या घरधन्याचं नाव हाये. गोवर्धन. अड्ड्याचं पानी पिऊन मेले. तुमी तिथलं पानी नका पिऊ." काही गाडीवाले शिव्या देऊन पुढे गेले. पण काहींनी बैल वळवले आणि दूरच्या मळ्यात मुक्काम केला. कागदावर नव्हता बसला, तो विश्वास बाईवर बसला. आणि जे वळले ते वाचले.

कचेरीचे शिरस्तेदार स्वतः छापखान्यात आले. "महादेवराव, माफी छापा. बातमी खोटी होती एवढी एकच ओळ. छापखाना तुमचाच राहील."

"एक ओळ मागंच छापली होती, साहेब," महादेवराव म्हणाले. "तिनं माणसं मारली. आता नाही छापत."

त्यांना जिल्हा सोडायचा हुकूम झाला. ते अकोल्याला गेले आणि तिथे हाताने लिहून पत्रके वाटू लागले, असे ऐकले. छापखान्याला कुलूप लागले. सामान उचलताना मी हातातून निसटले आणि माझा एक कोपरा उडाला. पावसाळ्याआधी अड्ड्यावरची विहीर कचेरीने गुपचूप बुजवली. का बुजवली, हे कुणी सांगितले नाही आणि कुठे छापूनही आले नाही.

आता मी एका देवळाबाहेर पडून असते. लोक माझ्यावर टेकतात. नवनव्या बातम्या एकमेकांना सांगतात, नवे हुकूम कानात कुजबुजतात आणि म्हणतात, "खरं असंन काय हे?" मग धोतर झटकून उठतात आणि घरी जातात. माझा जीव नुसता तळमळतो. मित्रांनो, छापले आहे म्हणून डोळे झाकून मानू नका. आणि छापणारा एकदा चुकला म्हणून, तो खरे छापू लागल्यावर त्याच्या दाराला कुलूप लागू देऊ नका. पण नुसते "खरं असंन काय" म्हणून उठून तर मुळीच जाऊ नका. ज्याला ठाऊक असेल त्याच्या दारात जा, आणि विचारा.