प्रवचनाआधीचं टेबल

या, असे जवळ येऊन बसा. माउंट एनन चर्चमध्ये एका रविवारी सगळी मंडळी मरायला टेकली होती म्हणे, आणि तरी त्यात देवाची कृपा कशी होती, ते ऐका.

वर्डेल कॉटन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. जिल्ह्यातला दवाखाना बंद पडला, तेव्हा प्रत्येक चर्चमधल्या एकेकाला रक्तदाब मोजायला शिकवलं गेलं. एननमधून वर्डेल गेली. तिची आई मेंदूच्या झटक्याने गेली होती, आणि आता थोरला भाऊ होसिया चर्चच्या पायऱ्या चढताना कठडा धरून थांबू लागला होता. होसिया तिथला डीकन, म्हणजे चर्चचा मानाचा सेवक. भजनाची ओळ आधी तो एकटा देणार, मग सगळे ती उचलणार. वर्डेल शिकली ती खरं तर त्याच्यासाठी. पण तो हात पुढे करेल तर शपथ.

पहिल्या रविवारी तिने प्रवचन संपल्या संपल्या दाराशी टेबल मांडलं. सगळे एका जागी सापडतील, हा विचार. आता रेव्हरंड टॉलिव्हर यांचं प्रवचन म्हणजे काय सांगू! आधी साधं बोलणं, मग हळूहळू शब्दाला सूर फुटतो, ऑर्गन मागून हुंकार देतो आणि शेवटी अख्खं गाणंच होतं. त्या दिवशी प्रवचनात येशूच्या हाकेने मेलेला लाजर कबरेतून उठला, तशी बाकांवरची मंडळी उठली. टाळ्या, नाच, आरोळ्या. म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा हातातले पंखे फेकले. आणि तशीच घामाघूम वरात वर्डेलच्या टेबलाशी!

तिने एकेकाचा दाब मोजला. एकजात सगळ्यांचा दाब चढलेला. ऑर्गनवाल्याचा तर विचारूच नका.

"वर्डे," होसिया म्हणाला, "तुझ्या यंत्राप्रमाणे आज सगळं चर्चच पुरावं लागणार. आधी जेवायचं की आधी खड्डे खणायचे?"

हशा पिकला.

"दादा, तू तरी बस ना."

"मला प्रभूने हलवलंय. ते काय तू मोजणार?" आणि तो तळलेल्या कोंबडीच्या वासामागे निघून गेला.

घरी भांडी घासताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, माणूस आधी थोडा वेळ गप्प बसलेला हवा, पाय जमिनीला टेकलेले. आणि तिने मोजला होता पवित्र आत्म्याचा जोर! ती एकटीच हसत सुटली. मग मात्र हसू विरलं. आता दादा कसला बसतोय?

तिने रेव्हरंडना फोन लावला. "मला प्रवचनाआधी शांतता हवी."

"एननमध्ये? सिस्टर, त्यापेक्षा तांबडा समुद्र दुभंगणं सोपं!"

पण माणूस दिलदार. पुढच्या रविवारी ते उभे राहिले. "मागच्या वेळी सिस्टर वर्डेलने माझं प्रवचन मोजलं. आज तिला तुम्हाला मोजू द्या. पाय जमिनीवर. आमेनसुद्धा मनातल्या मनात." मग होसियाकडे वळून म्हणाले, "डीकन, तुम्ही ओळ दिल्याशिवाय इथे कुणी गात नाही. ही ओळही तुम्हीच द्या."

सगळ्या माना वळल्या. होसियाने घसा खाकरला, कोट काढला आणि बसला.

"लवकर आटप."

"बोलायचं नाही, दादा."

"जन्मात पहिल्यांदा गप्प बसलाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

वर्डेलने दाब मोजला. थांबून पुन्हा मोजला. मग यंत्र त्याच्याकडे फिरवलं.

"आज तर मी नाचलो नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही, दादा."

"आईचा असाच असायचा का गं?"

"आईचा कुणी मोजलाच नाही."

त्याने बाही खाली केली. मागे रांग लागली होती. ओळ त्याने दिली होती ना! नाचाविना बहुतेकांचे आकडे जागेवर आले. सोमवारी होसियाने स्वतः गाडी काढली आणि बहिणीला शेजारी बसवून पलीकडच्या जिल्ह्यातला डॉक्टर गाठला.

आता तो रोज गोळी घेतो. पालेभाजीत खारवलेल्या डुकराच्या मांसाऐवजी टर्की पक्ष्याचं मांस पडतं. "भाजीचं पाप धुतलं, चवही धुतली," अशी कुरकुर करतो आणि ताट पुसून खातो. पायऱ्या चढून आला तरी त्याचा पहिला सूर आता तुटत नाही.

तुम्ही कधी प्रार्थनेला शांत बसलात, तर या बहीणभावाच्या आईची, यूलालिया कॉटनची, आठवण ठेवा. तिचा हात कुणी असा हातात घेतला नव्हता.